वजन जास्त आहे, मग गर्भनिरोधक कोणतं निवडू?

“आधी दहा किलो कमी करा, मग बघू.”

गर्भनिरोधकाबद्दल विचारायला डॉक्टरांकडे गेले होते तेव्हा मला हे उत्तर मिळालं. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते दाखवणारा आकडा, तेव्हा ३४ होता. मी मान डोलावली आणि घरी आले. दहा किलो उतरायला, उतरलेच तर, कितीतरी महिने जातात. तोवर दिवस राहू नयेत म्हणून काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. पुढे मी वाचत गेले, दुसऱ्या डॉक्टरांशी बोलले, तेव्हा कळलं की ते उत्तरच चुकीचं होतं. केवळ वजन जास्त आहे म्हणून जवळजवळ कुठलंच गर्भनिरोधक बाद होत नाही. काही बाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते, एवढंच. ती नेमकी कुठे घ्यायची, ते इथे पायरीपायरीनं सांगते आहे.

गेल्या पाच दिवसांत असुरक्षित संबंध आला असेल, तर बाकी सगळं नंतर वाचा. आधी सहाव्या पायरीवर जा. तिथे तासांचा हिशेब आहे.

पायरी १ : “मला कुठे दिवस राहणार” हा समज काढून टाका

वजन जास्त असलेल्या अनेकींची पाळी अनियमित असते. पीसीओएस (बीजकोशाच्या कामातला आणि हार्मोनचा बिघाड) असेल तर दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी येत नाही. त्यातून “आपल्याला सहजासहजी दिवस जाणार नाहीत” असं मनात पक्कं बसतं. पण पाळी अनियमित असणं म्हणजे स्त्रीबीज कधीच तयार होत नाही असं नव्हे. ते कधी तयार होईल हे सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच तारखा मोजून ‘सुरक्षित दिवस’ पाळण्याची पद्धत अशा वेळी सगळ्यात बेभरवशाची ठरते. शिवाय वजन थोडं जरी उतरलं तरी बंद पडलेली बीजनिर्मिती परत सुरू होऊ शकते, आणि पाळी येण्याआधीच गर्भ राहू शकतो.

दुसरी बाजूही स्वच्छ सांगायला हवी. वजन जास्त असताना गरोदरपणात मधुमेह, रक्तदाब वाढणं आणि रक्ताच्या गुठळ्या होणं यांचा धोका वाढतो. त्यामुळे नको असताना, तयारी नसताना राहिलेला गर्भ हाच तब्येतीला मोठा ताण असतो. गर्भनिरोधकाचा धोका तोलताना पारड्याच्या दुसऱ्या बाजूला हा धोका ठेवायचा असतो, आणि नेमका तोच अनेकदा विसरला जातो.

पायरी २ : स्वतःचे तीन आकडे काढून ठेवा

पहिला आकडा वजनाचा, किलोत. असुरक्षित संबंधानंतर घ्यायच्या तात्कालिक गोळीच्या वेळी हाच लागतो.

दुसरा बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. उंची १.५५ मीटर आणि वजन ७८ किलो असेल, तर १.५५ गुणिले १.५५ म्हणजे साधारण २.४०, आणि ७८ भागिले २.४० म्हणजे सुमारे ३२.५. गर्भनिरोधकांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लठ्ठपणाची रेषा ३० वर आखलेली असते, काही ठिकाणी ३५ वर आणखी एक. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका याहून कमी बीएमआयलाच वाढू लागतो. म्हणून तुमचा आकडा २८-२९ असेल तर “मी तिशीच्या आत आहे” म्हणून साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायचं टाळू नका.

तिसरा रक्तदाब. इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. दंडाचा घेर साधारण ३२ सेंटिमीटरच्या वर असेल, तर नेहमीच्या मापाचा पट्टा तोकडा पडतो आणि रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. त्या खोट्या आकड्यावरून एखादीला गोळ्या नाकारल्या जातात किंवा नको असलेलं औषध सुरू होतं. “मोठा पट्टा आहे का?” असं विचारायला लाजू नका. पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकवून मोजायला सांगा.

पायरी ३ : डॉक्टर ज्या चार आकड्यांत विचार करतात ते समजून घ्या

कोणत्या तब्येतीला कोणतं गर्भनिरोधक चालतं, याची एक यादी जागतिक आरोग्य संघटनेनं केली आहे. तिच्यात प्रत्येक जोडीला १ ते ४ यांपैकी एक आकडा असतो. १ म्हणजे बिनधास्त वापरा. २ म्हणजे फायदा धोक्यापेक्षा जास्त, सहसा वापरता येतं. ३ म्हणजे धोका फायद्यापेक्षा जास्त, दुसरं काही शक्य नसेल तरच. ४ म्हणजे वापरूच नका.

बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रौढ स्त्रीसाठी गर्भाशयात बसवायची तांबी आणि हार्मोनची कॉइल, दंडातलं इम्प्लांट आणि फक्त प्रोजेस्टिन हे हार्मोन असलेली गोळी या सगळ्यांना या यादीत १ आहे. इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या संयुक्त गोळीला, कातडीवर चिकटवायच्या पॅचला आणि योनीत ठेवायच्या रिंगला २ आहे. ब्रिटनमधली यादी जास्त सावध आहे. तिथे बीएमआय ३५ झाला की इस्ट्रोजेनच्या साधनांना ३ मिळतो.

म्हणजे लठ्ठपणाच्या नावावर ४ कुठेच नाही. मात्र हे आकडे फक्त वजनापुरते आहेत. वजनाबरोबर धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल असं काही जोडीला आलं की गणित बदलतं.

पायरी ४ : इस्ट्रोजेनचा प्रश्न आधी निकाली काढा

सगळी निवड या एका प्रश्नावर दुभंगते, म्हणून इथे थोडं थांबूया.

संयुक्त गोळीत दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. इस्ट्रोजेन यकृताला रक्त गोठवणारे घटक जास्त बनवायला लावतं. वजन जास्त असतानाही रक्ताचा कल गोठण्याकडे असतो. दोन्ही एकत्र आले की धोका नुसता मिळवला जात नाही, तो गुणिला जातो. पायाच्या खोल शिरेत गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

आता आकडे बघा, कारण आकड्यांशिवाय ही भीती एकतर फार मोठी वाटते किंवा फार छोटी. गरोदर नसलेल्या आणि हार्मोन न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षभरात साधारण दोघींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल या प्रकारचं प्रोजेस्टिन असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्यांत हा आकडा ५ ते ७ होतो. ड्रोस्पिरेनॉन, डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन असलेल्या संयुक्त गोळ्यांत ९ ते १२. लठ्ठपणा आणि संयुक्त गोळी एकत्र आल्या की, सडपातळ आणि गोळी न घेणाऱ्या स्त्रीच्या तुलनेत धोका दहापटीच्या आसपास जातो असं काही अभ्यासांत दिसलं आहे, काहींत त्याहूनही जास्त. दहापट धरली तर १०,००० मधल्या वीसजणी. बाकी ९,९८० जणींना काही होत नाही, हे खरंच आहे. पण गुठळीचा धोका ज्यात वाढलेला दिसत नाही अशी तितकीच किंवा जास्त परिणामकारक साधनं हाताशी असताना त्या विसांत जायची जोखीम का घ्यायची? माझं मत सरळ आहे. बीएमआय ३५ च्या वर असेल तर इस्ट्रोजेनला पहिली पसंती देऊ नये. ३० ते ३५ मध्ये असाल, वय कमी असेल आणि खालच्या यादीतलं काहीच लागू नसेल, तर संयुक्त गोळीचा विचार करता येतो. त्यातही लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली, कमी मात्रेची गोळी मागा.

यांपैकी एक जरी गोष्ट लागू असेल तरी डॉक्टरांना ती सांगितल्याशिवाय इस्ट्रोजेन सुरू करू नका:

- तुम्हाला पूर्वी गुठळी झाली आहे, किंवा आई-वडील-भावंडांपैकी कुणाला ४५ वर्षांच्या आत झाली होती
- वय ३५ किंवा जास्त आणि सिगारेट-बिडी ओढता
- रक्तदाब १४०/९० किंवा वर
- अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा, चमक किंवा काळे ठिपके दिसतात, किंवा अंगाचा एखादा भाग बधिर होतो
- मधुमेह बरीच वर्षं आहे, किंवा त्याचा डोळे, मूत्रपिंड, नसा यांवर परिणाम झाला आहे
- नुकतंच बाळंतपण झालं आहे किंवा बाळ अंगावर पितं आहे
- मोठी शस्त्रक्रिया ठरली आहे, किंवा पाय प्लास्टरमध्ये आहे

अर्धशिशीचा मुद्दा मुद्दाम लांबलचक लिहिला आहे, कारण “डोकं दुखतं का?” एवढंच विचारलं जातं आणि आपण “कधीतरी” म्हणून मोकळ्या होतो. डोळ्यांपुढच्या त्या चमकेसह येणारी अर्धशिशी असेल, तर इस्ट्रोजेनमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. तिथे आकडा थेट ४ आहे.

आणि एक. गुठळीचा धोका गोळ्या सुरू केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. चार आठवडे किंवा जास्त खंड पाडून परत सुरू केल्या की तो पुन्हा वर जातो. म्हणून “जरा शरीराला आराम देते” म्हणत गोळ्या बंद-चालू करत राहण्यात उलट तोटाच आहे.

पायरी ५ : साधनं एकेक करून बघा

*तांबी.* हिच्यात हार्मोन नसतं. वजनाचा हिच्या परिणामाशी काही संबंध नाही. बसवल्याक्षणी काम सुरू होतं, आणि ३८० आकड्याची तांबी १० वर्षांहून जास्त टिकते. वर्षभरात १०० पैकी एखादीलाच, किंबहुना त्याहूनही कमी जणींना, तांबी असताना दिवस राहतात. तोटा हा की पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव आणि पोटदुखी वाढते. मुळातच अंगावरून जास्त जात असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर पुढची कॉइल बरी.

*हार्मोनची कॉइल.* लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली ही कॉइल मला वजन जास्त असलेल्या स्त्रियांसाठी विशेष मोलाची वाटते. शरीरातली चरबी स्वतःही इस्ट्रोजेन बनवते. पाळी वेळेवर येत नसेल तर त्या इस्ट्रोजेनला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन पुरेसं तयार होत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. पुढे त्यातूनच अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. कॉइलमधलं हार्मोन थेट त्या अस्तरावर काम करून त्याला पातळ ठेवतं आणि रक्तस्रावही खूप कमी करतं. म्हणजे एकाच साधनात दोन कामं. सुरुवातीचे तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात, त्याची तयारी ठेवा. मात्र आत्ताच पाळी विचित्र झाली असेल, मध्येच किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर आधी त्याचं कारण शोधायचं, कॉइल मग.

दोन्ही कॉइल बसवताना वजनामुळे एक अडचण येऊ शकते. गर्भाशयाचं तोंड नीट दिसत नाही, गर्भाशय कोणत्या बाजूला झुकलं आहे ते हातानं कळत नाही. त्यासाठी लांब किंवा रुंद उपकरण, कमरेखाली उशी, पाय थोडे वर घेणं, गरज पडली तर सोनोग्राफी असे साधे उपाय आहेत. “जमलं नाही” असं एका ठिकाणी सांगितलं, तर दोष तुमच्या शरीराचा नाही. ज्यांचा या कामावर हात बसला आहे अशा डॉक्टरांकडे जा. वेदनेसाठी काय देणार, हेही आधीच विचारा.

*इम्प्लांट.* काडेपेटीतल्या काडीएवढी लवचीक कांडी, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीच्या अगदी खाली बसवतात. सगळ्या साधनांत हिचं अपयश सर्वांत कमी, हजारात एखादं. वजन जास्त असलं की रक्तातली हार्मोनची पातळी थोडी कमी राहते, पण बीजनिर्मिती थांबवायला ती पुरते. अमेरिकेत सेंट लुईस भागात हजारो स्त्रियांवर झालेल्या ‘चॉइस’ प्रकल्पात इम्प्लांट आणि हार्मोनची कॉइल वापरणाऱ्यांचं अपयश सगळ्या वजनगटांत १०० मध्ये एकापेक्षाही कमी निघालं. काळजी एकच घ्यायची. कांडी खोल चरबीत गेली तर काढताना त्रास होतो. बसवल्याबरोबर बोटांनी चाचपून ती लागते का, हे स्वतः बघा आणि मगच खोलीबाहेर पडा. अनियमित रक्तस्राव हा हिचा सर्वांत त्रासदायक गुण आहे, आणि ती लवकर काढून घेण्याचं सर्वांत मोठं कारण तोच असतो.

*फक्त प्रोजेस्टिनची गोळी.* इस्ट्रोजेन नको, पण गोळीच हवी असेल तर ही. वजन कितीही असलं तरी दिवसाला एकच. जुन्या प्रकारच्या गोळीला उशिराची मुभा तीनच तासांची, डेसोजेस्ट्रेलच्या गोळीला १२ तासांची. फक्त ड्रोस्पिरेनॉनची गोळी मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांना विचारूनच द्यावी लागते.

*दर तीन महिन्यांचं इंजेक्शन.* परिणाम चांगला, पण माझ्या यादीत हे खालच्या बाजूला आहे. वजन वाढण्याशी ज्याचा संबंध खरोखर दिसला आहे असं हे एकच साधन. विशेषतः १८ वर्षांखालच्या, आधीच लठ्ठ असलेल्या मुलींमध्ये ते ठळक दिसतं. एक खूण लक्षात ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे ८० किलोच्या स्त्रीचं चार किलोंहून जास्त, तर पुढेही ते वाढत राहण्याची शक्यता मोठी. तेव्हाच साधन बदला. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान असे दोन-तीन धोके एकत्र असतील तर जागतिक यादीत या इंजेक्शनला ३ मिळतो. थांबवल्यावर मूल राहायला अनेक महिने, कधी वर्षभरही लागतं. आणि टोचून घेताना, कमरेला दिलं तर सुई स्नायूपर्यंत न पोचता चरबीतच राहू शकते. दंडावर किंवा लांब सुईनं घ्या, किंवा कातडीखाली द्यायचा ज्याचा प्रकार आहे तो मागा.

*संयुक्त गोळी, पॅच, रिंग.* धोक्याचं वर झालं, आता परिणामाचं. गोळी नियमित घेतली तर वजनामुळे ती फोल जाते असा ठोस पुरावा नाही. पण जास्त वजनात गोळीतलं हार्मोन रक्तात पुरेशा पातळीला यायला जवळपास दुप्पट दिवस लागतात असं दिसलं आहे, पाचाऐवजी दहा. म्हणजे दोन पाकिटांमधल्या सात दिवसांच्या सुट्टीनंतर नवीन पाकीट सुरू करायला झालेला उशीर जास्त महागात पडतो. सुट्टी चार दिवसांची करता येईल का, की सलग घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारा. पॅचबाबत मात्र वजनाचा इशारा स्पष्ट आहे. मूळच्या पॅचच्या चाचण्यांत राहिलेल्या १५ गर्भांपैकी ५ हे ९० किलो किंवा जास्त वजनाच्या स्त्रियांमध्ये होते, आणि तेवढ्या वजनाच्या स्त्रिया त्या चाचण्यांत अगदी थोड्या होत्या. अमेरिकेत आता पॅचच्या माहितीपत्रकात बीएमआय ३० च्या वर तो वापरू नये असंच लिहिलेलं असतं.

गोळ्यांनी वजन भरमसाट वाढतं ही भीती मात्र अभ्यासांत टिकलेली नाही.

*निरोध.* वजनाचा काही संबंध नाही, आणि लैंगिक आजारांपासून वाचवणारं हेच साधन. पण रोजच्या वापरात वर्षभरात १०० पैकी १३ जणींना दिवस राहतात, तेव्हा दुसऱ्या साधनाच्या जोडीला उत्तम.

*नसबंदी.* मूल नकोच हे दोघांचं पक्कं असेल तर पुरुषाची नसबंदी आधी बोलून घ्या. ती जागा बधिर करून होते. वजन जास्त असलेल्या स्त्रीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत भूल आणि जखम या दोन्हींचा धोका वाढतो. पुरुषाच्या नसबंदीनंतर साधारण तीन महिन्यांनी वीर्यतपासणी होऊन शुक्राणू नाहीत हे कळेपर्यंत दुसरं साधन चालू ठेवायचं.

पायरी ६ : तात्कालिक गोळी आणि वजन

वजनाचा फरक सर्वांत ठळक इथे पडतो, आणि याचीच माहिती सर्वांत कमी दिली जाते.

असुरक्षित संबंधानंतर घ्यायच्या गोळ्या दोन. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत. आणि युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅम, १२० तासांच्या आत. दोन्ही स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लेव्होनॉरजेस्ट्रेल घेऊनही दिवस राहण्याचं प्रमाण बीएमआय ३० च्या वरच्या स्त्रियांत चौपटीहून जास्त निघालं. बीएमआय २६ च्या आसपासच तिचा परिणाम नाहीसा होत असावा असं त्यातून दिसलं. युलिप्रिस्टलसाठी ही रेषा ३५ च्या आसपास होती. नंतर युरोपच्या औषध नियामक संस्थेनं सगळे आकडे तपासून, पुरावा तेवढा पक्का नाही, वजन काहीही असो गोळी घ्यावी असं सांगितलं. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या त्या अशा.

सर्वांत खात्रीचा उपाय तांबी. पाच दिवसांच्या आत बसवली तर हजारात एखादीलाही क्वचितच दिवस राहतात, वजन कितीही असो. शिवाय पुढची अनेक वर्षं तेच साधन कामी येतं. वजन ७० किलोंच्या वर किंवा बीएमआय २६ च्या वर असेल, तर सर्वांत आधी हिचीच चौकशी करा.

तांबी शक्य नसेल तर युलिप्रिस्टल. ती घेतल्यावर हार्मोनची कुठलीही गोळी पाच दिवस सुरू करायची नाही, नाहीतर तिचा परिणाम मारला जातो. तोवर निरोध वापरा. बाळ अंगावर पीत असेल तर घेण्याआधी विचारा.

तीही मिळत नसेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेल घ्या, जितकी लवकर तितकी बरी. ब्रिटनमध्ये जास्त वजनाला दुप्पट मात्रा, म्हणजे ३ मिलिग्रॅम सुचवतात. २०२२ मध्ये आलेल्या एका चाचणीत मात्र दुप्पट मात्रेनं बीजनिर्मिती लांबण्यात फरक पडलेला दिसला नाही. त्यामुळे दुप्पट घेतली म्हणून निश्चिंत राहू नका. पण “माझ्या वजनाला लागू पडणार नाही” म्हणून काहीच न घेणं ही त्याहून मोठी चूक.

गोळीनंतर तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. तीन आठवड्यांत पाळी आली नाही, किंवा आली पण नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तर गर्भचाचणी करा.

पायरी ७ : वजन कमी करायचे उपचार चालू असतील तर

वजनाचं औषध देणारे डॉक्टर वेगळे आणि गर्भनिरोधक देणारे वेगळे, मग मधल्या फटीत आपणच सापडतो. दोघांनाही दोन्ही गोष्टी सांगा.

टिरझेपाटाइडचं इंजेक्शन पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि तोंडावाटे घेतलेली गर्भनिरोधक गोळी रक्तात कमी उतरते. सुरू केल्यावर चार आठवडे आणि मात्रा वाढवली की दर वेळी पुढचे चार आठवडे निरोध जोडीला वापरा, किंवा कॉइल वा इम्प्लांटकडे वळा. सेमाग्लुटाइडमध्ये हा परिणाम दिसलेला नाही. तरीही या दोन्ही औषधांनी उलट्या-जुलाब होतात, आणि गोळी घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर ती चुकलीच समजा. गरोदरपणात ही औषधं घ्यायची नसतात. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आणि टिरझेपाटाइड एक महिना आधी थांबवायचं. वजनासाठी किंवा अर्धशिशीसाठी टोपिरामेट घेत असाल तर जास्त सावध. ते गोळ्या आणि इम्प्लांट दोन्हींचा परिणाम कमी करतं, शिवाय गर्भात व्यंग निर्माण करू शकतं. तांबी, हार्मोनची कॉइल आणि इंजेक्शन यांवर त्याचा परिणाम होत नाही.

वजन घटवायच्या शस्त्रक्रियेनंतर १२ ते २४ महिने गर्भ राहू देऊ नये असं सांगतात. नेमक्या त्याच काळात बीजनिर्मिती जोमानं परतते. आतड्याला वळण देणारी बायपास शस्त्रक्रिया झाली असेल तर गोळ्या नीट शोषल्याच जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. कॉइल किंवा इम्प्लांटचं शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून टाकलेलं बरं. आधी इस्ट्रोजेनची गोळी चालू असेल तर ती साधारण चार आठवडे अगोदर थांबवतात. पण दुसरं साधन हातात आल्याशिवाय थांबवू नका.

पायरी ८ : भेटीच्या दिवशी

कागदावर लिहून न्या: शेवटच्या पाळीची तारीख, तुमचे तीन आकडे, चालू असलेली सगळी औषधं, घरातल्यांचे गुठळी-पक्षाघात-हृदयविकाराचे प्रसंग, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मूल हवं आहे की नाही. बोलण्याची सुरुवात अशी करता येते: “वजनावर माझे प्रयत्न चालू आहेत, पण आज मला गर्भनिरोधक हवं आहे. माझ्यासाठी इस्ट्रोजेनशिवायचे पर्याय कोणते?” नकार मिळाला तर शांतपणे विचारा, “कोणत्या कारणानं? वजनाशिवाय आणखी काही कारण आहे का?” खरं कारण असेल तर ते तुम्हाला कळायलाच हवं.

गरोदर नसल्याची खात्री असेल तर पाळीची वाट न बघता कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. मात्र पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केलं नसेल, तर इम्प्लांट, इंजेक्शन, हार्मोनची कॉइल आणि संयुक्त गोळी यांना पुढचे सात दिवस निरोधाची जोड हवी. प्रोजेस्टिनच्या बहुतेक गोळ्यांना दोन दिवस पुरतात. फक्त ड्रोस्पिरेनॉनची गोळी पाळीच्या पहिल्याच दिवशी सुरू केली नसेल तर तिला सात दिवस. तांबीला एकही नाही.

सुरू केल्यानंतर

इस्ट्रोजेन घेत असाल आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, लाल-गरम झाली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, बोलताना जीभ अडखळली किंवा कधी दुखलं नव्हतं इतकं डोकं दुखलं, तर गोळी थांबवा आणि त्याच क्षणी रुग्णालय गाठा. सकाळपर्यंत वाट बघू नका. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य “मी गर्भनिरोधक गोळ्या घेते” हे असू द्या.

बाकी साधनांना तपासणीचा एवढा पसारा नाही. गोळी चालू असेल तर तीन महिन्यांनी रक्तदाब बघा, योग्य मापाच्या पट्ट्यानं. इम्प्लांट महिन्यातून एकदा चाचपून बघा. वजन वाढलं आणि ते हाताला लागेनासं झालं तर काढायच्या तारखेची वाट न बघता दाखवून या. हार्मोनची कॉइल असूनही सहा महिन्यांनंतर रक्तस्राव वाढत चालला असेल, तर “वजनामुळे असेल” हे उत्तर ऐकून परत येऊ नका, गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी मागा.